दोन हातभट्ट्या

शरद ऋतू आला की पुण्यामुंबईच्या काही उपाहारगृहांतून जर्मन धर्तीच्या मोसमी बिअरचा गाजावाजा सुरू होतो. 2009 साली पुण्यात 'डूलाली' निघाली. तेव्हापासून लहान भट्ट्यांतील ताज्या बिअरची गोडी सुशिक्षित वर्गात चांगलीच रुजली आहे. अशा बिअरला इंग्रजीत कारागिरीचे गौरवपर विशेषण लावतात. त्याचे रोखठोक मराठी करू गेल्यास 'हातभट्टीची' असेच होईल. आणि हा शब्द कानी पडताच त्याच रसिकांच्या कपाळास आठ्या पडतील. ह्या आठ्यांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

प्रथम पेयास न्याय देऊ. बव्हेरियात ह्या बिअरला 'मेर्त्सन', म्हणजे मार्चातली, असे नाव आहे. 1553 च्या फर्मानाने तेथे उन्हाळ्यात बिअर करण्यास मनाई झाली. म्हणून मार्चात केलेली बिअर थंड तळघरांत साठवीत व शरदापर्यंत पुरवीत. 'लागर' ह्या शब्दातच साठवणीचा अर्थ आहे. 1810 साली राजपुत्राच्या विवाहानिमित्त म्युनिक येथे सुरू झालेल्या उत्सवाशी ती पुढे जोडली गेली. तांबूस रंग, मोड आणून भाजलेल्या जवाचा खरपूस भाकरीच्या पापुद्र्यासारखा वास आणि शेवटी हॉपच्या फुलांचा बेताचा कडवटपणा: हा घोट रुचकर असतो, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो.

परंतु त्या रुचीमागे एक कायदा उभा आहे. बिअरमध्ये जव, हॉप व पाणी ह्यांखेरीज काही घालू नये, असे 1516 च्या बव्हेरियन आज्ञेने ठरविले. एवढेच नव्हे, तर हिवाळ्यात मापास फार तर एक फेनिग व उन्हाळ्यात दोन, असा भावही बांधून दिला. पिणारा सामान्य माणूस फसू नये, ही चिंता त्या राजाज्ञेत स्पष्ट दिसते. आमच्या रसिकांनी तेथून चव आणली, उत्सव आणला. ती चिंता मात्र तेथेच राहिली.

पुण्याहून नगरच्या रस्त्यास लागावे. वाटेत पारनेर तालुका लागतो. त्यातील राळेगणसिद्धीने दारू हद्दपार केली, तेव्हा पिणाऱ्यांना खांबास बांधून फटके दिले गेले. गावाचे त्यात कल्याण झाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुण्यात जो घोट अभिरुची ठरतो, तो पारनेरात अपराध ठरतो, हे ध्यानात घ्यावे. आणि त्याच जिल्ह्यातील पांगरमल गावी फेब्रुवारी 2017 मध्ये निवडणुकीच्या मेजवानीतील बनावट दारूने माणसे मेली! पोलिसांच्या तपासाचा माग जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोहोचला. त्या पेल्यात काय आहे, हे पिणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते.

कोणी म्हणेल, 'गरिबाने पिऊच नये; मग शुद्धाशुद्धाची चर्चा कशास?' गरिबाने पिऊ नये हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हा उपदेश हाती पेला धरून करणाऱ्यास शोभत नाही. 1949 सालापासून ह्या प्रांतात दारूबंदीचा कायदा आहे. त्यात पिण्यास परवाना लागतो. शहरातील मेजावर त्या परवान्याची आठवण कोणास होते? कायद्याचा धाक गावाला आणि कायद्याची सवलत शहराला, अशी ही वाटणी आहे. मद्य वाईट असेल तर ते दोन्हीकडे वाईट. क्षम्य असेल तर ते निर्भेळ मिळण्याचा हक्क दोघांचाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपल्या पेल्यातील जव कोणता व हॉप कोठला, ह्याची जितकी चौकशी रसिक करतात, तिच्या दशांश चौकशी त्यांनी गावच्या बाटलीविषयी करावी. मतदानाच्या दिवसांत ती कोठून येते, कोण वाटतो, तिची तपासणी कोण करतो, हे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. एवढे न करता जो शरदातील लागरची तारीफ करतो, त्याची जीभ सुसंस्कृत झाली असेल. माणूस झाला आहे असे आम्ही म्हणणार नाही.