फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्यांना

कला शाखेच्या वार्षिकात दातेरी चाकांचे काय काम, असे संपादक मंडळातील एका मित्राने मला विचारलेच. मी त्याला एवढेच म्हणालो, की ज्या वस्तूपायी आमच्या वसतिगृहातील दोन खोल्यांमध्ये दिवाळीपासून अबोला आहे, तिच्यावर लिहायचे नाही तर कशावर लिहायचे? ती वस्तू म्हणजे रिमोटवर चालणारी, खडक चढणारी छोटी मोटार. तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. छंद वाढला तो अमेरिकेत. तिकडे कॅलिफोर्नियातील रुबिकॉनच्या वाटेवर, युटा राज्यातील मोआबच्या खडकांवर हौशी लोक खऱ्या जीपगाड्या गोगलगाईच्या चालीने चढवतात; त्यांचीच ही एक-दशांश आकाराची भावंडे. वाद असा, की तिच्या गिअर, शाफ्ट, ॲक्सल या भागांत कारखान्याने बसवलेले प्लॅस्टिक राहू द्यावे, की सगळे उपसून धातू बसवावा?

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. सरसकट धातू म्हणजे पैशाचा चुराडा, आणि पुष्कळदा गाडीचाही.

प्लॅस्टिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुटकी बादली येते. भांडे वजनावर पारखण्याची आपली रीत. हंडा हाताला जड लागला की आजीचे समाधान. पण या गाड्यांतले प्लॅस्टिक बहुधा काचतंतू मिसळलेला नायलॉन असते. नायलॉन हा १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स याच्या हातून जन्मला. त्याचा गिअर धक्का सोसतो, आवाज कमी करतो आणि ग्रीसवाचूनही बरेच दिवस निभावतो. उलट ‘धातू’ हा काही एकच पदार्थ नव्हे. सोनेरी-निळा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे गिअर दिसायला नवरदेवासारखे, पण पोलादी पिनियनशी गाठ पडली की त्यांचे दात लवकर झिजतात. ग्रीस काळे पडू लागले, की समजावे ॲल्युमिनियम चालले!

आता जोर कसा वाहतो ते पाहा. मोटरच्या दांड्यावर छोटा पिनियन. तो स्पर गिअर फिरवतो. तिथून गिअरबॉक्स, मग पुढे-मागे जाणारे दोन ड्राइव्हशाफ्ट, मग ॲक्सलच्या पोटातली पिनियन-रिंगची जोडी आणि शेवटी चाकापर्यंतचा ॲक्सलशाफ्ट. दात कमी-जास्त ठेवून प्रत्येक टप्प्यावर वेग उतरवतात, आणि तितकाच पीळ वाढतो. मोटरजवळचे दात भराभर फिरतात पण त्यांच्यावर जोर थोडा. चाकाजवळचे संथ फिरतात पण सगळा भार त्यांच्या माथी. शिवाय क्रॉलरच्या ॲक्सलमधील डिफरन्शियल बहुधा कायमचे जखडलेले असते. एक चाक कपारीत रुतले आणि दुसरे हवेत राहिले, की ॲक्सलचा सारा पीळ त्या रुतलेल्या बाजूच्या शाफ्टवर. म्हणून रिंग-पिनियन आणि ॲक्सलशाफ्ट पोलादीच हवेत, यात मी धातुपक्षीयांच्या बरोबर आहे. (ट्रॅक्ससने २०१७ साली आणलेल्या टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल ॲक्सल आहेत, म्हणजे चाकाच्या तुंब्यापाशीच आणखी एक गिअरजोडी. तिथे शेवटची घट चाकाशीच होत असल्याने आतल्या शाफ्टवरचा पीळ कमी होतो. मला ही युक्ती सगळ्या धातूंपेक्षा मोलाची वाटते.)

पण स्पर गिअर? तो प्लॅस्टिकचाच असावा. ज्यांच्या घरात जुना चिनी मातीचा फ्यूज होता त्यांना हे समजावून सांगायला नको. फ्यूज वारंवार उडतो म्हणून एखादा शहाणा त्यात जाड तार घालतो. मग फ्यूज उडत नाही, पंख्याची मोटर जळते. गाडीचेही तेच. चाक अडकले असताना कुणी चेवाने थ्रॉटल दाबला, तर कुठेतरी काहीतरी तुटणारच. कुठे तुटावे, एवढेच आपल्या हाती असते. स्पर गिअर तुटला तर दोन-चार स्क्रू काढून दहा-पंधरा मिनिटांत दुसरा बसतो. तोच पोलादी केला, ड्राइव्हशाफ्टही पोलादी केले, की तो धक्का पुढे सरकतो आणि ॲक्सलच्या पोटात जाऊन दात पाडतो. मग अख्खा ॲक्सल उघडा, चाके काढा, आणि परदेशातून येणाऱ्या सुट्या भागाची वाट पाहत बसा. विद्यार्थ्याच्या खिशाला हा फरक फार मोठा आहे. प्लॅस्टिकचा ड्राइव्हशाफ्ट तर तुटण्याआधी दोरीसारखा पिळवटतो, म्हणजे सूचना देतो. पोलादात असा भिडस्तपणा नाही.

वजनाचेही असेच. नायलॉनचा एक घनसेंटिमीटर सुमारे १.१ ग्रॅम, ॲल्युमिनियमचा २.७, पितळेचा साडेआठच्या आसपास. पितळ चाकाच्या बुडख्याशी, ॲक्सलवर बसवले तर गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि ती उभ्या चढावर मागे कलंडत नाही. तेच वजन वर गेले, की तीच गाडी पालथी. आमच्या ‘धातुभक्ताने’ वरच्या बाजूचे टॉवर आणि स्टँडही ॲल्युमिनियमचे केले आहेत. ते उन्हात चमकतात खरे. खालच्या लिंकांबद्दल मात्र मी सावध बोलतो. ॲल्युमिनियमच्या लिंका खडकावर घासून खरवडतात आणि मग त्याच ओरखड्यांनी अडकतात. चांगल्या प्लॅस्टिकच्या लिंका वाकून, घसरून निसटतात. पण गाडी जड असेल तर त्या इतक्या वाकतात की ॲक्सलच तिरपा होतो. तिथे स्टेनलेस पोलादाच्या घ्याव्यात, परवडत असतील तर.

कुणी म्हणेल, ब्रशलेस मोटर आणि तीन सेलची बॅटरी बसवल्यावर तुझा प्लॅस्टिकचा स्पर गिअर किती टिकेल? फार नाही टिकणार. तेव्हा खुशाल पोलादी बसवा, पण स्लिपर क्लच ढिला ठेवा, म्हणजे फ्यूजचे काम तो करील. तोही आवळून बसणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. आणि ज्यांना धातूची हौस एकाच जागी पुरवायची आहे त्यांनी आधी सर्व्होचा हॉर्न बदलावा. सुकाणूचा सगळा ताण त्या इवल्याशा तुकड्यावर येतो, प्लॅस्टिकचा असला की चाक दगडाशी दाबले जाताच तो लचकतो आणि गाडी वळायची तेवढी वळत नाही. फक्त सर्व्होचे आतले गिअर धातूचे आहेत ना, ते दुकानातच विचारून घ्यावे.