किक मारण्यापूर्वी

मोटारसायकल रस्त्यात अडून बसली की भोवती माणसे जमायला वेळ लागत नाही. आमच्या जालन्यात तर दहा किका व्हायच्या आत पाच तज्ज्ञ हजर होतात. एक म्हणतो, ‘चोक द्या’. दुसरा म्हणतो, ‘चोक काढा’. तिसरा गाडी एका अंगावर कलती करून पुन्हा उभी करायला सांगतो. चौथा धक्का मारायला आपणहून मागे उभा राहतो. पाचवा काहीच करत नाही. तो फक्त ‘विकून टाका’ एवढे सांगतो. यांतला कोणीही बरोबर असू शकतो. पंचाईत एवढीच, की गाडीला नेमके काय झाले आहे हे तिला विचारायच्या फंदात कोणी पडलेले नसते.

‘गाडी रुसली’ हा आपल्या भाषेतला मोठा गोड वाक्प्रचार आहे, परंतु त्यानेच घात केला आहे. रुसलेल्या माणसाची समजूत घालतात. यंत्राची घालता येत नाही. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवेत मिसळलेले पेट्रोल, ते दाबले जाणे आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. मराठीच्या तासाला आम्ही वाक्यपृथक्करण शिकवतो, तेव्हा आधी क्रियापद, मग कर्ता, मग कर्म असे एकेक शोधायला लावतो. सगळे एकदम शोधणाऱ्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. बंद गाडीचेही तसेच आहे. एका वेळी एक प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये.

आमचा जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. जुन्या गाड्या त्याच्याही आधीपासून इथल्या रस्त्यांवर आहेत. पोलंडच्या आराखड्यावर बेतलेली, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌सची राजदूत ही दूधवाल्यांची लाडकी. म्हैसूरला तयार होणारी जावा पुढे येझ्दी झाली आणि तिचा कारखाना १९९६ साली बंद पडला. मद्रासची बुलेट मोठ्या माणसांची. प्रत्येकीच्या रीतीभाती वेगळ्या. येझ्दीचा किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. हे ठाऊक नसलेला पाहुणा किक शोधत गाडीभोवती फिरत राहतो. बुलेटची कळ दाबून पिस्टन नेमक्या जागी आणावा लागतो. अँमीटरचा काटा मध्यावर आला की मग किक मारायची. घाई केली तर ती पाय उलटा फेकते.

आता क्रम पाहू. चावी लागली आहे ना, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, हे आधी पाहावे. हसू नका, पुष्कळ गाड्या इथेच सुरू होतात. तरीही दाद मिळाली नाही तर आठदहा किका मारून प्लग काढावा. सगळा जबाब त्याच्या तोंडावर लिहिलेला असतो. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल येते आहे, पेट घेत नाही. काळाकुट्ट आणि चिकट असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले, किंवा हवा कमी पडते आहे. एका पान्याच्या कामात अर्धा शोध संपतो.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच्या वाटेने उलटे चालावे. कार्ब्युरेटरची नळी काढून कॉक उघडला की धार पडली पाहिजे. पडली, तर कचरा कार्ब्युरेटरच्या वाटीत किंवा जेटमध्ये आहे. जेटच्या भोकात तार मात्र घालू नये. भोक मोठे होते आणि हिशेब कायमचा चुकतो. सायकलच्या पंपाची हवा पुरते.

बदनापूरकडून दूध आणणाऱ्या एका गृहस्थांची राजदूत गेल्या पावसाळ्यात दोनतीन किलोमीटर चालून बंद पडे, पाव तास उभी राहिली की पुन्हा सुरू होई. एका गॅरेजमध्ये कॉइल आणि कार्ब्युरेटर दोन्ही बदलायला सांगितले. सल्ला अगदीच बिनबुडाचा नव्हता. तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइलचे लक्षण हेच असते. पण त्या दोन वस्तूंत गृहस्थांची कित्येक दिवसांची कमाई जाणार होती, आणि दूध काही गाडीसाठी थांबत नाही. इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांना एवढेच सांगितले : ‘बंद पडली की लगेच टाकीचे झाकण उघडा. उघडल्यावर चालू झाली तर कॉइलला हात लावू नका.’ गाडी चालू झाली. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा बसवला होता. त्याने झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले होते. पेट्रोल खाली जाई तशी वर हवा यायला वाट नव्हती, म्हणून धार थांबे. तुकडा काढला, खर्च शून्य.

प्लग ओला असेल तर तो पुसून टोपीत बसवावा, त्याचे अंग इंजिनाच्या पात्यांना टेकवावे आणि किक मारावी. पेट्रोल सांडलेले नसावे, प्लगच्या भोकापासून दूर असावे आणि सल्लागारांच्या विड्या विझलेल्या असाव्यात. निळी, कडक ठिणगी दिसली तर विजेकडे बहुतेक दोष नाही. पेट्रोल ओव्हर झाले असेल. कॉक बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून काही किका माराव्यात. ठिणगीच नसेल तर आधी दुसरा प्लग लावून पाहावा, मग पॉइंट साफ करावेत, मग कंडेन्सर, आणि सर्वांत शेवटी कॉइल. स्वस्ताकडून महागाकडे जावे. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी इंजिन गप्प असेल, तर हवेची जाळी आणि काजळीने भरलेला सायलेन्सर पाहावा. दाबाची शंका त्यानंतर घ्यावी.

दिवाळीत या गोष्टीला विशेष महत्त्व येते. पावसाळाभर पडवीत उभी असलेली गाडी आपण दसऱ्याला पुसतो, झेंडूची माळ घालतो आणि भाऊबिजेला बाहेर काढतो. टाकीतले पेट्रोल मात्र ज्येष्ठातले असते. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. ओलावा फार झाला की पाण्यासह तळाशी बसते, आणि कॉकचे तोंड तळाशीच असते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही त्याने खराब होतात. तेव्हा उभ्या गाडीचे जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, नळ्या पाहाव्यात आणि मगच पाय उचलावा.

एप्रिल २०२० पासून नवीन नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. दोष सांगायला आता यंत्र जोडतात. ते वाईट नाही. पण पॉइंटचे अंतर नजरेने ओळखणारे हात आता थकले आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसून शिकणारे कोणी दिसत नाही. जुन्या गाडीवर पोट असलेली माणसे आपल्या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. ते हात गेले तर त्यांना पाचव्या तज्ज्ञाचा सल्ला तेवढा उरेल. तुमच्या ओळखीचा असा मिस्त्री असेल तर या सुट्टीत त्याच्यापाशी तासभर बसा, त्याचा क्रम वहीत उतरवून घ्या, आणि प्लगचा एक पाना घरी आणून ठेवा.