एकच थेंब, बॉस!

ट्रॅकबॉल शेवटचा कुठे पाहिलात? गेम पार्लरमध्ये म्हणाल, तर जरा आठवून बघा. धाराशिव, उमरगा, कळंब, कुठल्याही गावातलं सोनोग्राफी सेंटर घ्या. चाकांवरचं मोठं मशीन असेल तर डॉक्टर एका हाताने प्रोब धरतात आणि दुसऱ्या हाताने पॅनलवरचा एक गोळा फिरवतात. तोच हा! बाळाच्या डोक्याचं माप घेताना स्क्रीनवरची खूण त्यानेच हलते. फटीत जेल आणि धूळ गेली की खूण अडखळते, आणि मिलिमीटरच्या कामात असलं अडखळणं परवडत नाही. अर्थात ते मशीन उघडणं आपलं काम नव्हे. आपला मामला घरच्या गेमचा.

या गोळ्याचं खानदान मात्र भारी आहे. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी जो ट्रॅकबॉल बनला, त्यात चक्क बोलिंगचा बॉल होता. १९७८ मध्ये अटारीने तो फुटबॉलच्या गेममध्ये बसवला आणि १९८० मध्ये आला ‘मिसाइल कमांड’. त्यात बॉल जड फिरला की शहरं गेलीच म्हणून समजा.

हल्ली हेच गेम घरच्या कॅबिनेटवर खेळायचं फॅड आहे. यूएसबीचा आर्केड ट्रॅकबॉल मागवायचा, कॉम्प्युटरला जोडायचा, झालं. पण नवाकोरा बॉलसुद्धा कधीकधी चिखलात रुतल्यासारखा फिरतो. फंडा सोपा आहे. बॉल साधारण तीन रोलरवर टेकलेला असतो आणि प्रत्येक रोलरच्या दोन टोकांना एकेक छोटं बेअरिंग. त्यात ग्रीस भरलेलं असतं. ग्रीस असतं वजन पेलायला आणि वर्षानुवर्षं टिकायला. इथे वजन किती, तर एका बॉलचं. ते ग्रीसच ब्रेक लावतं.

आपल्याकडच्या बैलगाडीला दाट वंगण लागायचं, कारण आखावर पोत्यांचा भार असायचा. तेच वंगण शिलाई मशीनला घालून बघा, आई घराबाहेर काढेल!

तर आधी रोग ओळखा. बॉल मस्त फिरतोय पण कर्सर उड्या मारतोय? मग रोलरवर मळाची काळी रेघ असेल किंवा सेन्सरवर धूळ. कापूस फिरवा, विषय संपला. बॉलच जड असेल तर बेअरिंग. वायर काढा, वरची रिंग उघडा, रोलर बाहेर घ्या, आणि कुठला कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, अल्कोहोल गढूळ झालं की बदला. झाकण निघत असेल तर काढा, ठोकून बसवलेलं असेल तर उगाच उचकटू नका. गॅरेजवाले पेट्रोल वापरतात, आपण बंद खोलीत तो उद्योग करायचा नाही. आणि बॉलला थिनर बिलकुल लावू नका, साबणाचं पाणी पुरे.

पूर्ण वाळू द्या. कोरडं फिरवून बघितलंत तर खूश व्हाल, पण तसंच ठेवलंत तर गंज चढेल आणि किरकिर सुरू होईल. म्हणून शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक बेअरिंगला एकच थेंब. जास्तीचं टिपून घ्या, नाहीतर ते खाचांच्या चकतीवर आणि सेन्सरवर जाणार. धूळ न काढता वरून तेल सोडणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आतल्या आत पॉलिश पेपरचा लगदा तयार होतो.

खोबरेल? नको! डिसेंबरात धाराशिवच्या घरात बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसंच ते बेअरिंगमध्येही थिजणार. गोडेतेल कालांतराने चिकट होतं. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे मळ सोडवायला ठीक, कायमचं वंगण म्हणून नाही.

एवढं करूनही खरखर राहिली तर आतल्या गोळ्या झिजल्यात. बेअरिंग बदला. मोटर आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं दुकान तालुक्याला असतंच, जुना नग खिशात घेऊन जा. फक्त एक लक्षात ठेवा, अमेरिकन बनावटीत इंची माप असू शकतं. मिलिमीटरमधलं ‘जवळपास तेच’ बेअरिंग दुकानदार कितीही प्रेमाने देऊ दे, घेऊ नका. व्हर्नियर लावून भोक, बाहेरचा घेर आणि जाडी, तिन्ही मापं त्याच्यासमोर तपासा.