चांगुणाची आगगाडी



एक विचारू? जुन्या काळातली गोष्ट लिहायला बसलात, तर पहिलं वाक्य काय लिहाल? 'फार फार वर्षांपूर्वी' असंच ना? ते सोपं असतं. साल नको, गाव नको, राजाचं नावसुद्धा नको. पण गोष्टीत एकदा का साल घातलं, की पंचाईत सुरू! कशी ते सांगते.

मागच्या वर्षी आमच्या शाळेत गोष्ट लिहिण्याची स्पर्धा होती. सहावीच्या वर्गाला मी विषय दिला, 'राणी व्हिक्टोरियाच्या काळातील मुंबई'. आमची शाळा ट्रॉम्बेला. कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. तिनं चक्क सहा पानं लिहून आणली. तिच्या गोष्टीतली चांगुणा म्हणजे इथलीच, कोळ्याची पोर. १६ एप्रिल १८५३ ला ती आईबरोबर मासळी विकायला निघते. व्ही. टी. स्टेशनात जाते, राजाबाई टॉवरच्या घड्याळात साडेतीन वाजलेले बघते, तिकीट काढते आणि भारतातल्या पहिल्या प्रवासी आगगाडीत बसून थेट ठाण्याला! वाटेत कपभर चहासुद्धा पिते.

मी लाल पेन काढलं. आणि मग काय, वहीभर रेघाच रेघा!

आता तुम्हीच बघा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी त्याच दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुटली, हे खरं. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४. पण त्यात बसले होते सुमारे ४०० पाहुणे, सगळे आमंत्रण मिळालेले. बाकीची मुंबई रुळांच्या दोन्ही बाजूंना उभी राहून नुसती बघत होती. मग चांगुणाला तिकीट कुठून मिळणार? व्ही. टी.ची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत बांधायला घेतली १८७८ मध्ये आणि पुरी झाली १८८८ मध्ये. राजाबाई टॉवर पुरा झाला तोही १८७८ मध्येच. म्हणजे चांगुणानं घड्याळ बघितलं ते पंचवीस वर्षं आधी! आणि चहा? तो साध्या माणसांच्या घरात रुळायला पुढं बराच काळ जावा लागला.

घड्याळाची तर आणखी एक गंमत आहे. आज आपण जी वेळ लावतो, ती भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. त्याआधी गावोगावची वेळ वेगळी असायची. मुंबईची वेळ आजच्या वेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागं होती. म्हणजे त्या दिवशीचे साडेतीन म्हणजे आपल्या घड्याळातले चार वाजून नऊ मिनिटं!

हे सगळं मी मोठ्या हौसेनं वहीत लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली. तिनं पानं उलटून बघितली. मग हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे चांगुणा नव्हतीच का तेव्हा?"

मी म्हटलं, "अगं, तसं नाही..." पण पुढं काय बोलावं ते सुचेना. तोवर घंटा झाली. दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या वह्यांचा गठ्ठा बांधला, त्यात तिची वही नव्हती.

मुलांनो, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. चुका मी बरोबर काढल्या होत्या. पण चांगुणा नव्हती कशी? टॉवर नव्हता, तिकीट नव्हतं, पण चांगुणा नक्की होती. १८५३ मध्ये इथं माणसं राहत होती, जाळी विणत होती, मासळी विकत होती. तेव्हा मुंबई शहर शीवला संपायचं. आपलं ट्रॉम्बे, म्हणजे तुर्भे, होतं ठाणे जिल्ह्यात, खाडी आणि खाजणांच्या पलीकडचं एक बेट. मग त्या माणसांची गोष्ट का नसावी?

मी पुस्तकं काढून बसले. त्या काळातल्या माणसांनी स्वतः लिहून ठेवलेलं पुष्कळ आहे, बरं का! गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिलं, ते छापलं गेलं १८६३ मध्ये. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरून आले. त्यांची हकिगत 'माझा प्रवास' या नावानं १९०७ मध्ये छापून आली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी वाचली, की तेव्हाच्या लहान वयात लग्न झालेल्या मुलींचं जगणं कळतं. तिकडं इंग्लंडात राणीच्या काळावर आज कादंबऱ्या लिहिणारे लेखकही हेच करतात. जुनी वर्तमानपत्रं, पत्रं, रोजनिश्या, चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या वाचून काढतात.

आणि वाचता वाचता मला माझीच चूक सापडली! 'राणीच्या काळातील मुंबई' असा विषय देताना मी वर्गात सांगितलं होतं, "१८५३, म्हणजे आपल्याकडं राणी व्हिक्टोरियाचं राज्य." पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवून तसंच लिहिलं, आणि मीही त्याखाली रेघ मारली नाही. राणी इंग्लंडच्या गादीवर बसली १८३७ मध्ये, ते खरं. पण आपल्याकडं कारभार होता ईस्ट इंडिया कंपनीचा. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये तो राणीच्या सरकारकडं गेला. तेव्हाचा रुपया बघितलात तर गंमत कळेल. एका बाजूला राणीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव! त्या रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट. चांगुणाच्या आईचा हिशोब तुम्हाआम्हाला झेपला नसता.

आणखी एक सापडलं, ते मुद्दाम सांगते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची एक मुलगी शिकत होती. मांग समाजातली. तिनं मांग आणि महार लोकांना काय सोसावं लागतं, यावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला. म्हणजे पहिली गाडी धावली त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी! एका शाळकरी मुलीनं ते लिहिलं, म्हणून आज आपल्याला कळतं. न लिहिलेलं कितीतरी मात्र तसंच राहून गेलं.

सोमवारी मी वर्गात फळ्यावर माझी चूक लिहिली आणि तिच्याखाली लाल खडूनं रेघ मारली. मुलं खो खो हसली. ती मुलगीही हसली. मग मी मुक्ताची हकिगत सांगितली आणि तिला म्हटलं, "चांगुणा होती ग. फक्त ती त्या दिवशी नक्की कुठं उभी होती, ते आपण शोधायचं राहिलंय."

दोन दिवसांनी ती आजीलाच घेऊन आली. मी विचारलं, "आजी, घड्याळ नसताना तुमच्या माणसांना वेळ कशी कळायची?" आजी म्हणाल्या, "बाई, आमाला घड्याल कशाला पायजे? तिथीची पाऊणपट करायची, झाली भरती!"

हे गणित तुम्हीही करून बघा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. भरती रोज साधारण पाऊण तास पुढं सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. चंद्र तोच आणि समुद्रही तोच, तेव्हा चांगुणाच्या आजीलाही हेच गणित येत असणार. माझ्या कुठल्याच पुस्तकात मला हे सुचलं नव्हतं.

मुलीनं गोष्ट पुन्हा लिहिली. आता चांगुणा भरती बघून आईबरोबर होडीनं निघते. कुर्ल्याजवळ रुळांपाशी गर्दी असते. डोक्यावर टोपली घेऊन तीही उभी राहते. धूर दिसतो, जमीन थरथरते, गाडी जाते. आई म्हणते, "चल, मासळी खराब होईल." चांगुणा मात्र गाडीचे डबे मोजत राहते. चौदा!

स्पर्धा केव्हाच संपून गेली होती. बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळालं. पण ही गोष्ट आम्ही वर्गाच्या हस्तलिखितात पहिल्या पानावर घेतली. शाईच्या पेनानं, एकही लाल रेघ नसलेली.

आता तुमचा या आठवड्याचा उपक्रम. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, 'तुमच्या आजीनं तुम्हाला काय सांगितलं होतं?' पाणी कुठून आणायचे, दिवा कशाचा लावायचे, बाजाराला कसे जायचे? सगळं वहीत उतरवा, तारीख घाला. मग एक साल निवडा आणि त्या वहीच्या आधारानं पानभर गोष्ट लिहा. त्या साली कोणतं यंत्र, कोणती इमारत, कोणतं नाणं होतं, ते ग्रंथालयात जाऊन पडताळून बघा. आईबाबांनो, त्या वेळी तुम्हीही जवळ बसा. तुम्हालाही नवं काही कळेल.

आणि चुका झाल्या तर? होऊ देत. लाल रेघ मारा, पण वही मिटून ठेवू नका.

तुमची,
बाई