लेकरं घेऊन नागपूरला

दरेकशाहून आपण नागपूरला जातो ते दवाखाना, लग्न नाहीतर ईदच्या खरेदीसाठी. गोंदियाला गाडी बदलायची, पुढे सुमारे 130 किलोमीटर. 5 वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही, तर तिकीट लागत नाही. 5 ते 12 वयाला बर्थ न घेता अर्धं भाडं. बर्थ घेतला की पूर्ण.

पण खरी तयारी तिकिटाची नाही. आपल्या गावात लेकरू कुठेही खेळत गेलं तरी कोणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सीताबर्डीच्या गर्दीत ते कोणालाच ठाऊक नसतं. तीन वर्षांच्या मुलाला वडिलांचं नाव विचारून पाहा. तो म्हणेल, "अब्बू." घर कुठे? "नानीच्या बाजूला."

म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि गोंदिया जिल्हा पाठ करून घ्यावा. मनगटावर पेनाने मोबाईल नंबर लिहावा. हात सुटला तर पळायचं नाही, तिथेच उभं राहायचं, हे खेळता खेळता शिकवावं. मूल दिसेनासं झालं तर वेळ न घालवता पोलिसांना किंवा 1098 वर, रेल्वेत असाल तर 139 वर फोन करावा.

आणि एका दिवसात एकच ठिकाण. महाराजबागेतले प्राणी पाहावेत, नाहीतर मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयातली छोटी गाडी. गोंदिया-जबलपूर मार्गावर अशीच गाडी धावायची. ती आठवण सांगायला दादीलाही सोबत न्यावं. मुलांवर लक्ष ठेवायला दोन डोळे वाढतात.