सृष्टींतील नवल : माशाच्या त्वचेंतील हमाल

नंदुरबार जिल्ह्यांतील धानोरा गांवासारख्या ठिकाणीं पावसाळ्यांत ओढे वाहूं लागले, म्हणजे मुलांना मासोळ्या धरून आणण्याचा छंद लागतो. अशी एखादी मासोळी काळ्या भांड्यांतून पांढऱ्या भांड्यांत सोडून पाहावी. पुष्कळ जातींच्या मासोळ्या थोड्याच वेळांत फिक्या पडतात, व पुनः काळ्या भांड्यांत घातल्या कीं काळवंडतात. बगळ्याच्या नजरेंतून जीव वांचविण्याची ही सोय आहे.

एवढ्या वेळांत रंग नाहींसाहि होत नाहीं व नवा उत्पन्नहि होत नाहीं. त्वचेंतील कृष्णपेशींत रंगद्रव्याच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. त्या पेशीभर पसरल्या म्हणजे मासा काळा दिसतो. मध्यभागीं गोळा झाल्या म्हणजे फिका.

ही ने-आण करणारे हमाल म्हणजे प्रथिनें होत. पेशीच्या मध्यापासून कडेपर्यंत सूक्ष्मनलिकांच्या वाटा असतात. त्यांवरून कायनेसिन पिशव्या बाहेर नेतें, डायनीन आंत आणतें, आणि आडवाटेनें पसरविण्याचें काम मायोसिनकडे असतें. कायनेसिनचा शोध १९८५ सालीं माकुळाच्या मज्जातंतूंत लागला. त्याचें पाऊल ८ नॅनोमीटरांचें. एक मिलिमीटर चालावयास १,२५,००० पावलें! डोळ्यांना फिकी जमीन दिसली कीं मज्जातंतूंतून नॉरअॅड्रेनॅलिन सुटतें, पेशींतील सायक्लिक एएमपी हें द्रव्य घटतें, व डायनीनची सरशी होते.

मौज ही, कीं एकटें डायनीन कायनेसिनपेक्षां पुष्कळ दुबळें आहे. मग तें जिंकतें कसें ? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील रूप मल्लिक व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ मध्यें याविषयीं महत्त्वाचें संशोधन प्रसिद्ध केलें. प्रयोग माशावर नव्हता. पेशींनीं गिळलेल्या सूक्ष्म मण्यांवर होता. पण हमाल तोच. ओझें जड झालें कीं पुढचें डायनीन आंखूड पावलें टाकतें, मागचीं त्याला गांठतात, आणि भार सर्वांत वांटला जातो.

हा विषय केवळ माशांपुरता नाहीं. आपल्या केसांना रंग मिळतो तोहि अशाच हमालांमुळें. मायोसिनच्या जनुकांत दोष असलेलें मूल क्वचित् रुपेरी केस घेऊन जन्मास येतें, व त्याच्या मज्जासंस्थेलाहि गंभीर विकार जडतो. रंगाची पिशवी वाहणारें तें प्रथिन मेंदूंतहि ओझीं वाहत असतें.