मांडी मोजायचीच असेल, तर दोन्ही मोजा

तुमच्या घरात कबड्डी खेळणारा मुलगा असेल आणि तो संघात कोपऱ्यावर उभा राहत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चढाई करणाऱ्यांच्या पालकांनीही वाचायला हरकत नाही, पण पकड करणाऱ्याच्या शरीराचं गणित जरा वेगळं असतं आणि त्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं.

आपला धाराशिव जिल्हा तसा खो-खोचा. सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्या जिल्ह्याची मान उंचावली. पण २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसू लागली आणि ईट, भूम, वाशी, परांडा या भागातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर एक नवीनच गोष्ट आली : लिलाव. इराणचा पकडीचा खेळाडू मोहम्मदरेझा शादलू याला पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो हंगाम पुण्याने जिंकला. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला आणि तो हंगाम हरियाणाने जिंकला. पकड करणाऱ्यालाही भाव असतो हे यातून सगळ्यांना कळलं. ते बरंच झालं.

आता आपल्याकडे कोपऱ्याचा खेळाडू पारखतात कसा? उंची बघतात, वजन बघतात, मांडीवर थाप मारतात आणि गेल्या स्पर्धेत किती पकडी केल्या ते विचारतात. यातल्या शेवटच्या प्रश्नावर माझा पहिला आक्षेप. पाच पकडी केल्या हे सगळे सांगतात, पण त्यासाठी किती वेळा झेप घेतली आणि किती वेळा गुण देऊन बसला, हे कोणी लिहून ठेवत नाही. उतावळा खेळाडू जास्त पकडी करतो आणि जास्त फसतोही. प्रत्येक फसलेल्या झेपेत घोटा, गुडघा आणि खांदा यांच्यावर ताण येतो. डॉक्टर म्हणून मला त्या फसलेल्या झेपांमध्ये जास्त रस आहे.

कोपरारक्षक घोटा पकडायला खाली जातो तेव्हा काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पाय मॅटवर रोवलेला, बुटाची पकड घट्ट, आणि वरून चढाईपटू मध्यरेषेकडे ओढतोय. त्यात आपलाच मध्यरक्षक साखळी करून अंगावर येतो. पाऊल जागेवर राहतं, धड फिरतं, आणि मधल्या गुडघ्याला पीळ बसतो. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असतं, डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून पुढे सरकू नयेत म्हणून ते दोरीसारखं धरून ठेवतं. ते तुटताना बरेच खेळाडू 'कट्' असा आवाज आल्याचं सांगतात. काही तासांत गुडघा सुजतो. पंधरा दिवसांत सूज उतरते, मुलगा चालायला लागतो आणि घरचे म्हणतात, झाला बरा.

खरी अडचण इथून सुरू होते. "फोटो काढला डॉक्टर, हाड शाबूत आहे." शाबूत असणारच. एक्स-रे फोटोत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. ते बघायला गुडघा हाताने नीट तपासावा लागतो आणि शंका आली तर एमआरआय. तुटलेली दोरी चोळून जुळत नाही, मग चोळणारा कितीही नामांकित असो. साधं चालताना काही वाटत नाही, पण वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा सटकतो. असा सटकता गुडघा घेऊन मुलगा खेळत राहिला की आतली गादी फाटते, आणि मग ऐन चाळिशीत जिना चढताना कठडा धरायची वेळ येते.

म्हणून माझं म्हणणं असं की मांडी मोजायचीच असेल, तर दोन्ही मोजा. घरातली शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करा आणि दोन्ही मांड्यांचा घेर त्या खुणेवर घ्या. एका मांडीचा घेर दोनेक सेंटिमीटरने कमी भरला, तर त्या पायाला कधीतरी मार लागला होता का, ते विचारा. दुखऱ्या गुडघ्याचा स्नायू नकळत सुकतो. मुलगा लपवतो, मांडी लपवत नाही. मग त्याला एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायला सांगा, तीन-तीन वेळा, दोन्ही पायांनी. एका पायाची उडी दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त तोकडी पडत असेल, तर तो पाय अजून मैदानासाठी तयार नाही. ज्याचं एसीएलचं ऑपरेशन झालंय, त्याने नऊ महिन्यांच्या आत पकडीचा विचारही करू नये, आणि नऊ महिन्यांनंतरही ही परीक्षा पास झाल्यावरच.

"निवड चाचणी होईपर्यंत गुडघ्याचं कुणाला बोलू नको," असा सल्ला या मुलांना कोण देतं ते मी इथे लिहीत नाही. पण सल्ला वाईट आहे. पवन सेहरावत २०२२ च्या लिलावात २ कोटी २६ लाखांना गेला, त्या वर्षीचा सगळ्यांत महागडा खेळाडू. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. पुढच्या वर्षी तो परत आला आणि आणखी महाग गेला. कारण त्याला उपचार मिळाले, वेळ मिळाला, आणि दुखापत सगळ्यांना माहीत होती. आपल्या गावच्या सतरा वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याचा गुडघा वेदनाशामक इंजेक्शन घेऊन चाचणीपुरता चालतो, आणि पुढच्या खर्चाला बापाच्या नावावरची जमीनच असते.

हृदयाचं मात्र टेपने कळत नाही. इथे अमेरिकेचं उदाहरण देतो. तिथल्या फुटबॉलमध्ये 'डिफेन्सिव्ह टॅकल' नावाची जागा असते. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी अगदी पुढच्या फळीत उभा राहून समोरच्याला अडवतो, आपल्या पकडीवाल्याचा थोरला भाऊच म्हणा. दरवर्षी निवडीआधी सुमारे तीनशे खेळाडूंना एका ठिकाणी बोलावून त्यांची धाव, ताकद आणि पूर्ण वैद्यकीय तपासणी होते. २०१३ मध्ये स्टार लोटुलेलेई या तगड्या खेळाडूच्या इको तपासणीत हृदयाचा पंप कमजोर दिसला. त्याला तिथे मैदानावर उतरू दिलं नाही. पुढच्या तपासण्यांत हृदय ठीक निघालं, आणि त्याच वर्षी चौदाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली. २०१८ मध्ये मॉरिस हर्स्ट याच जागेवर खेळायचा. त्याच्याही हृदयाच्या तपासणीत शंका आली, तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला, त्याचं नुकसान झालं हे खरं. पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो त्याच वर्षी खेळला. तपासणी केली म्हणजे करिअर संपलं, ही आपल्याकडची भीती म्हणून मला पटत नाही.

वजनाबद्दल थोडक्यात. वजनी गटाच्या स्पर्धेसाठी दोन दिवस पाणी तोडणं, स्वेटर घालून उन्हात पळणं, हे बंद करा. अमेरिकेत १९९७ मध्ये दोन महिन्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना गेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. आणि वजन वाढवायचं असेल तर खव्याच्या मुलखात राहून जिममधल्या बिनलेबलच्या डब्याला पैसे घालू नका. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे. इंजेक्शन कुणी देत असेल तर त्याचं नाव आधी मला सांगा.

राहिलं ते फिटनेस सर्टिफिकेट. गाडी चालू ठेवून दारातून मागायची ती गोष्ट नाही. त्याला वीस मिनिटं लागतात. मुलाने हाफ पँट घालून यावं, जुने फोटो आणि रिपोर्ट असतील तर आणावेत. आणि निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन प्रश्न विचारून यावं : आपल्या रक्ताच्या नात्यात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं होतं का, आणि हा पोरगा लहानपणी पळता-पळता कधी चक्कर येऊन पडला होता का. एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ईसीजी आणि इको झाल्याशिवाय मी सही करत नाही, चाचणी दुसऱ्या दिवशी असली तरी.